बारा बाय आठचं दुकान

लातूरमधलं एक ऑनलाइन दुकान लवकर उघडत नाही, याच्या निषेधार्थ मी एकदा आंदोलन केलं होतं. पत्रक काढलं, सह्या जमवल्या, एसटीनं नांदेडला जाऊन निवेदन दिलं. पत्रकाचा मथळा होता, 'मराठवाड्याच्या लेकींची पुस्तकं कोणी अडवली?' असा मथळा लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असावं लागतं. मला होतं. फक्त ते चुकीचं निघालं.

दुकान मावशीचं. माझी सख्खी मावशी नव्हे. लातूरच्या क्लासच्या गल्लीत जेवढ्या पोरी राहायला येतात, तेवढ्या सगळ्यांची ती मावशी. एका मोठ्या क्लासच्या कंपाउंडला लागून तिची ताडपत्री अंथरलेली असायची आणि तिच्यावर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे. परीक्षा संपली की गावाला निघालेल्या पोरी ओझं नको म्हणून पुस्तकं तिच्याकडं टाकून जायच्या, आणि नवी बॅच आली की नव्या पोरी तीच स्वस्तात उचलायच्या. मी उमरीहून डॉक्टर व्हायला लातूरला आले तेव्हा माझी सगळी पुस्तकं तिच्याकडचीच होती. जीवशास्त्राच्या पुस्तकात आधीच्या मुलीनं पेन्सिलीनं एका परिच्छेदाला खूण करून लिहिलं होतं, 'हे येतंच. पाठ कर.' ते आलं. मी पाठ केलं नव्हतं.

दोन प्रयत्नांनंतर मी डॉक्टर होणार नाही हे माझ्या लक्षात आलं; घरच्यांच्या लक्षात ते पहिल्याच प्रयत्नात आलं होतं. त्या दोन वर्षांत हॉस्टेलचं पाणी, मेसमधलं वरण, रस्त्यावरचे बंद दिवे यांच्यावर मी इतकी पत्रकं लिहिली होती की विद्यार्थी संघटनेनं मला प्रसिद्धीप्रमुख करून टाकलं. पत्रक लिहिण्याचे नियम मी तिथं शिकले. दोनच आहेत. कागदाच्या दोन्ही बाजू गच्च भरायच्या, कारण कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. आणि दोषी कोण ते पहिल्याच ओळीत सांगायचं, कारण दुसरी ओळ कोणी वाचत नाही.

मग क्लासला पार्किंग हवं झालं. पालक आता चारचाकीतून येतात, त्यांनी गाडी काय डोक्यावर ठेवायची? मावशीची ताडपत्री उचलली गेली. मी अर्थातच पत्रक काढलं, दोन्ही बाजू भरून. पत्रक वाटून संपायच्या आत पार्किंगवर पिवळे पट्टे मारून झाले होते. पट्टे मारणाऱ्यालाही मी एक दिलं. त्यानं त्याला हात पुसले.

एका मुलींच्या हॉस्टेलच्या मालकाला तिची दया आली. त्यानं तिसऱ्या मजल्यावरची एक रिकामी खोली तिला पुस्तकं ठेवायला दिली, नव्या बॅचच्या पोरी राहायला येईपर्यंत. पुस्तकं वर चढली, गिऱ्हाईक चढेना. तीन मजले चढून जुनं पुस्तक बघायला कोण येतंय?

"पोरी आल्या की खोली रिकामी करायची," मावशी म्हणाली. "तवर खपली तर खपली. न्हाई तर रद्दीवाल्याला बलवायचं."

"आणि तू?"

"मी गावाकडं. भावाच्या घरी." तिचं गाव म्हणजे भूकंपानंतर सरकारनं नव्यानं बसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. "तिथं पुस्तकाचं काय काम? भावजय म्हणती, शेळ्या सांभाळ."

मी तिथल्या तिथं ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. ज्या पोरींना लातूरला येणं परवडत नाही, घरी बसून तयारी करतात, त्यांच्यासाठी ऑनलाइन दुकान काढायचं. इस्लापूर, हिमायतनगर, उमरी, जिथं क्लास नाही तिथं मावशीचं पुस्तक पोचवायचं. कल्पना चांगली होती. आजही मी तिच्यावर ठाम आहे. पुढं जे केलं त्याच्याबद्दल बोलते.

दुकानाचा सांगाडा फुकट तयार करून देणारी सोय इंटरनेटवर होती. तो सांगाडा मी उभा केला. पण दर्शनी भाग कसा हवा? मला दर्शनी भाग म्हटलं की एकच माणूस आठवतो. संघटनेचे सगळे फलक करणारा फ्लेक्सवाला. वाढदिवस, निवड, निषेध, श्रद्धांजली, सगळं त्याच्याच कॉम्प्युटरमधून निघतं.

"ताई, साइज काय ठेवू?" त्यानं विचारलं.

"मोठी ठेव, दादा. दुरून दिसली पाहिजे."

"बारा बाय आठ करू?"

"कर."

हा संवाद मी मुद्दाम जसाच्या तसा लिहिलाय. पुढच्या सगळ्याचं मूळ यात आहे, आणि दोषी कोण हे या वेळी मी पहिल्या ओळीऐवजी कागदाच्या चौथ्या बाजूपर्यंत शोधत बसले.

त्यानं जीव ओतून काम केलं. सर्वांत वर भगव्या-पिवळ्या ढगांचं आभाळ. त्यात हात जोडलेले संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी तेवढ्याच मापाची मी. हे मी तत्त्व म्हणून केलं होतं. आमच्याकडं चौकातल्या फलकांवर बाई असते ती एकतर देवी किंवा दिवंगत. जिवंत मुलीचा फोटो, तोही मोठा, लागलाच पाहिजे अशी माझी भूमिका होती. खाली पदाधिकाऱ्यांची रांग. त्याखाली ज्या एकेचाळीस पोरींनी जाताना पुस्तकं दिली त्यांचे फोटो. हा मावशीचा हट्ट होता, आणि तिचा तेवढा एकच. पुस्तकांची यादीसुद्धा फ्लेक्सवाल्यानं नक्षीदार अक्षरांत लिहून त्याच चित्रात बसवली. शिवाय पान उघडलं की सनई वाजायची आणि 'सहर्ष स्वागत' अशी ओळ डावीकडून उजवीकडं पळायची. कोरी जागा कुठंच नव्हती.

उद्घाटन खोलीतच झालं. लॅपटॉपवर फीत बांधली होती. अध्यक्षांनी ती कापली, बटण दाबलं आणि दुकान फटकन उघडलं. उघडणारच. मी सकाळपासून चार वेळा ते उघडून बघितलं होतं, लॅपटॉपच्या पोटात ते आधीच उतरलेलं होतं. तेव्हा मला हे कळलं नाही. टाळ्या झाल्या. मावशीनं सगळ्यांना पेढे दिले आणि मला हळूच विचारलं, "आता पुस्तक कवा जातंय?"

आठ दिवस एकही गेलं नाही. नवव्या दिवशी एक फोन आला. इस्लापूरची पोरगी, बारावी झालेली, घरीच तयारी करणारी.

"ताई, तुमचं दुकान उघडून नाही राहिलं."

"नेटवर्क आहे का तुमच्याकडं?"

"हाय न. दोन काड्या हायत."

"दोनच?"

"हाव, पण ताई, बाकीचं..."

"बाकीचं मी बघते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बघितलं की नाही? त्याच दिवशी पत्रक लिहायला बसले. मराठवाड्याचा अनुशेष रस्त्यांचा आहे, पाण्याचा आहे, रेल्वेचा आहे, आणि आता नेटवर्कचाही आहे. पुण्याच्या पोरीला चार काड्या आणि किनवट तालुक्यातल्या पोरीला दोन, हा कुठला न्याय? मोबाइल कंपनीचं कार्यालय नांदेडला होतं. पहिल्या ओळीत कंपनी घातली. दोन दिवसांत दोनशेच्या वर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही दुकान उघडून बघितलेलं नव्हतं. माझ्या आंदोलनांची ताकदच ती.

मावशीला पत्रक वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई भारी लिव्हलंस," ती म्हणाली. "पर माय, टॉवर उभा ऱ्हाईस्तवर ब्याच येईल की."

"मावशी, प्रश्न एका दुकानाचा नाही."

"माझा हाय," ती म्हणाली आणि गठ्ठ्याला गाठ मारायला लागली.

नांदेडला आम्ही नऊ जण गेलो. अध्यक्ष पुढं, मी निवेदन घेऊन मागं. तिथले साहेब मवाळ निघाले, आणि मवाळ अधिकाऱ्यासारखी चळवळीची दुसरी पंचाईत नाही.

"बसा, बसा. चहा सांगतो."

"चहा नको, उत्तर पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

"उत्तराला वेळ लागेल. तवर चहा येईल." त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. "मॅडम, साइटचं नाव सांगा. तक्रारीत लिहावं लागतं. आमची लाइन इथं जोरात आहे, लगेच दिसेल."

मी नाव सांगितलं. त्यांनी टाइप केलं. पान पांढरं राहिलं. मग वरच्या कडेला एक पिवळी पट्टी आली. ती बोटभर खाली सरकली. मग ढग यायला लागले, ओळीओळीनं. आम्ही नऊ जण आणि ते एक, असे दहा जण त्या पडद्याकडं बघत उभे होतो.

चहा आला. ढग चालूच होते.

"हे काय, हवामानाचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"सजावट आहे," मी म्हणाले.

चहा संपायच्या बेताला काळं काहीतरी उगवलं.

"सर, हे केस तुमचेच ना?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"माझेच," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मग कपाळ आलं. कपाळ बराच वेळ चाललं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "दुकानात विकायला काय आहे?"

"पुस्तकं."

"ती कुठं आहेत?"

"खाली आहेत."

"किती खाली?"

त्या क्षणी अध्यक्षांच्या भुवया येत होत्या. उत्तर अध्यक्षांनी दिलं. मूठ टेबलावर आपटून ते म्हणाले, "बघा! खुद्द कंपनीच्या कार्यालयात ही अवस्था आहे, तर इस्लापूरला काय असेल?" सगळ्यांनी घोषणा दिली. मीही दिली. निवेदनात हा मुद्दा पेनानं वाढवला, मीच माझ्या अक्षरात. साहेबांनी निवेदन घेतलं, शिक्का मारला, आमच्याबरोबर फोटो काढून घेतला. आम्ही निघालो तेव्हा पडद्यावर अध्यक्ष डोळ्यांपर्यंत आले होते आणि आमच्याकडंच बघत होते.

परतीच्या एसटीत लोहा मागं गेल्यावर मी त्या पोरीला फोन लावला. आंदोलनाची बातमी सांगायला. तिनं ती ऐकून घेतली.

"ताई, मी त्या दिवशीच सांगून राहिले होते."

"काय?"

"आमच्याकडं बाकीची दुकानं उघडतात. चपलाचं उघडतं, ड्रेसचं उघडतं. आईनं कुकरची शिट्टी मागवली, ती आली पण. तुमचंच तेवढं उघडून नाही राहिलं."

"दोन काड्यांवर?"

"हाव. दोन काड्या लई झाल्या, ताई. एकीवर पण उघडतात."

अहमदपूर आलं. पुढच्या सीटवर अध्यक्ष पुढच्या टप्प्याची आखणी करत होते: जिल्हाधिकारी कार्यालय, मग मंत्रालय. मी खिडकीतून बघत बसले आणि मनातल्या मनात कंपनीला शिव्या देऊन बघितल्या. त्या लागू होईनात.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडं गेले. "दादा, त्या चित्रात एवढं काय भरलंय?"

त्यानं फाइल उघडून माझ्या डोळ्यांपुढं धरली. "तुम्हीच म्हणल्या ना, दुरून दिसलं पायजे. बारा बाय आठ हाय. फोटो कुठंच फाटत न्हाई." फ्लेक्सवाल्यांच्या भाषेत चित्र मोठं केल्यावर चौकोनी तुकडे पडल्यासारखं दिसायला लागलं की ते फाटलं. "चौकात लावा, बसस्टँडवरून अध्यक्षांच्या चष्म्याचा नंबर मोजून घ्या."

"अरे पण हे मोबाइलवर बघायचंय! हातात धरून!"

"मला काय मालूम, कुठं लावणार हायत ते? कुणी विचारलं?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. गावातल्या कुठल्याही फलकाला माप विचारतो तसं त्यानं मला विचारलं होतं, आणि मी फलकवाल्या माणसासारखं उत्तर दिलं होतं. तळहाताएवढ्या काचेवर मी चौकाएवढा फलक लावायला निघाले होते. इस्लापूरच्या पोरीला जीवशास्त्राचं एक पुस्तक हवं होतं. तिच्या दोन काड्यांवरून मी आधी आख्खा बारा फुटांचा कपडा ओढत होते, त्याच्यामागं एकेचाळीस पोरींचे कॅमेऱ्यातून काढल्या काढल्या चिकटवलेले फोटो, त्यांच्यामागं सनई. पुस्तकं शेवटी. अनुशेष असला तर तो मी दिला होता.

मावशीकडं जाताना तीन मजले मी फार सावकाश चढले. ती पुस्तकांच्या पाठी ओल्या फडक्यानं पुसत होती. हॉस्टेलच्या मालकानं सकाळीच सांगितलं होतं, पंधरा दिवसांत पोरी येतील. मी तिला सगळं सांगितलं. नांदेडचं, केसांचं, कुकरच्या शिट्टीचं.

"म्हंजी पोरगी पुस्तक मागायलालीय," ती सावकाश म्हणाली, "अन् आपण तिच्या दारात बॅनर उतरवायलालाव."

"हाव."

"मग काढ की."

"कोणाकोणाचा काढू?"

"आधी तुझा काढ."

मी माझी भूमिका मांडली. फलकावर जिवंत बाई का हवी, दृश्यमानता म्हणजे काय, इतिहासात आपल्याला कसं गाळलं गेलं. ती फडकं पिळत ऐकत होती.

"बाई दिसलीच पायजे," ती म्हणाली. "पर ही पोरगी बी बाईच हाय न? तिला पुस्तक दिसलं पायजे का न्हाई?"

यावर माझ्याकडं पत्रक नव्हतं. माझा फोटो काढायचं ठरलं. मग अध्यक्ष काढायला काहीच वाटलं नाही. पदाधिकारी तर मी मोजलेसुद्धा नाहीत. राहिले एकेचाळीस फोटो. मावशीचे. ते म्हटल्यावर ती एक पुस्तक हातात घेऊन उगीच उलटंसुलटं करत बसली.

"भूकंप झाला तवा मी सातवीला व्हते," ती म्हणाली. "शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. कुठून कुठून ट्रक यायचे. त्यात एकदा पुस्तकं आली, जुनी. मला मिळालं त्याच्या पयल्या पानावर एका पोरीचं नाव लिव्हलेलं. नुसतं नाव. गाव न्हाई, शाळा न्हाई. वर्षभर तिच्या पुस्तकावर शिकले. पास झाले. तिला सांगायचं व्हतं. कुठं सांगू?"

मी शेजारचा गठ्ठा सरकवून खाली बसले.

"घर दिलं त्यांची पाटी हाय घरावर. तांब्या दिला त्याचं नाव तांब्यावर कोरलेलं. फोटो काढून नेले त्यांनी. अन् जिच्या पुस्तकावर मी पास झाले तिचं कुठंच काय न्हाई. म्हणून म्हणलं व्हतं, ह्या पोरींचे फोटो लाव. कुणी दिलं ते कळू दे." तिनं पुस्तक खाली ठेवलं. "पर तिचं तोंड तर मला बी ठाव नव्हतं. नाव व्हतं, तेवढ्यावर ती माझ्या ध्यानात ऱ्हायली. नावं ठेव. ज्या पोरीचं पुस्तक त्याच्यापाशी तिचं नाव. गावासकट ठेव. तोंडं काढ."

मी घरी येऊन नावं टाइप केली. एकेचाळीस नावं, गावांसकट. नंतर बघितलं तर त्या सगळ्यांचं मिळून वजन अध्यक्षांच्या एका मिशीएवढंही भरत नव्हतं. चित्र जड असतं, अक्षर हलकं असतं. जिनं अक्षरांवर आंदोलनं चालवली तिला हे बारा बाय आठचा फलक चढवून उतरवल्यावर कळलं.

मग चार दिवस खरं काम. बोलण्याचं नव्हे, करण्याचं. इस्लापूरच्या पोरीला विचारलं, मदत करशील? ती हो म्हणाली. आईच्या साध्या फोनवरून ती माझ्याशी बोलायची आणि स्वतःच्या जुन्या फोनवर दुकान उघडायची. उघडेपर्यंत मोठ्यानं आकडे मोजायचे, एवढंच तिचं काम.

पहिल्या दिवशी, काहीच काढायच्या आधी, मुद्दाम मोजायला लावलं. ती शंभरापर्यंत गेली. "ताई, अजून ढगच हायत. थांबा, म्हैस सुटली," म्हणाली आणि गेली. परत आली तेव्हा कपाळ आलं होतं.

फलक काढला, फक्त यादीचं चित्र ठेवलं. "एकतीस, बत्तीस... आलं!" सनई काढली. पळणारी ओळ थांबवली. ती थांबल्याचं मला वाईट वाटलं, कारण ती एकटीच त्या पानावर वेगानं पळत होती. पुस्तकांची यादी चित्रातून सोडवून साध्या अक्षरांत सर्वांत वर आणली. नक्षीदार अक्षरं बाहेरून मागवावी लागायची, तीही गेली. फोनमध्ये जी असतात ती चालवून घेतली. "चौदा." मुखपृष्ठांचे फोटो फोनच्या रुंदीला पुरतील एवढेच लहान केले, आणि अंगठा खाली सरकवेल तसतसे पुढचे यावेत अशी सोय केली. सांगाड्यातच ती होती, एक खूण करायची होती. मी पहिल्या दिवशी ती वाचली नव्हती, कारण ती दुसऱ्या ओळीत होती.

"एक, दोन, तीन, चा... आलं, ताई!"

"खरं सांग."

"देवाशप्पथ. मावशीचं दुकान, असं लिहून आलं. खाली जीवशास्त्र. त्याच्यापाशी लिहिलंय, 'देणारी' अन् पोरीचं नाव. उदगीरची हाय. ताई, एक विचारू? एवढंच हाय का दुकान?"

"एवढंच."

"मग आधी काय होतं?"

मी विषय बदलला. तिनं त्याच वेळी जीवशास्त्र मागवलं. पहिली मागणी. मावशीनं ते पुस्तक पुन्हा एकदा फडक्यानं पुसलं, आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळला आणि पत्ता माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी दुकान उघडून बघितलं होतं. लगेच उघडलं, याचा त्यांना आनंद झाला होता. आपण दिसलो नाही, याचा नव्हता.

"आपला फोटो कुठाय?"

"काढला, सर. त्याच्यामुळंच अडलं होतं."

ते म्हणाले, "असू दे. लगेच पत्रक काढा. आंदोलनाला यश, कंपनी झुकली."

"सर, कंपनीनं काहीच केलेलं नाही. जड आपलंच होतं."

"लोकांना एवढ्या खोलात जायचं नसतं."

मी ते पत्रक लिहिलं नाही. दुसऱ्या कोणीतरी लिहिलं. वाईट लिहिलं, मथळ्यात जोर नव्हता. मी नांदेडच्या साहेबांना फोन करून सांगितलं की चूक आमची होती. ते म्हणाले, "लेखी द्या, मॅडम. तक्रार बंद करायला कागद लागतो." मी लेखी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाच्या पहिल्या ओळीत माझं नाव दोषी म्हणून घातलं. खाली मात्र एक ओळ वाढवली: 'तरीही इस्लापूरचं नेटवर्क खराबच आहे, याची नोंद घ्यावी.' ते आहेच. माझी चूक झाली म्हणून त्यांचं बरोबर होत नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

इस्लापूरच्या पोरीनं मैत्रिणींना सांगितलं. हिमायतनगरहून मागण्या आल्या, उमरीहून आल्या. माझ्या गावच्या एका पोरीनं माझंच जुनं रसायनशास्त्र मागवलं. त्यात मी काय काय लिहून ठेवलंय ते आठवून मला घाम फुटला, पण मावशीनं ते पाठवलं. आंदोलनात गेलेले दिवस मिळाले असते तर खोली आधीच रिकामी झाली असती, हे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "झाली न रिकामी? बस कर." पंधराव्या दिवशी भिंतीला फक्त एक गठ्ठा उरला होता. रद्दीवाल्याला बोलवायची गरज नव्हती, आणि गावाकडं शेळ्या सांभाळायचीही. पुढच्या हंगामाला दोन पोरींनी आधीच सांगून ठेवलं होतं की परीक्षा झाली की पुस्तकं मावशीलाच देणार. एक गठ्ठा तिच्या स्वयंपाकघरात सहज मावला असता.

तो तिनं काखेत घेतला, मी झाडू घेतला, आणि आम्ही खोलीची किल्ली द्यायला निघालो तेवढ्यात जिन्यावर धाप ऐकू आली. नवी बॅच. पुढं एक पोरगी गादी घेऊन, मागं तिचे वडील, खांद्यावर पत्र्याची पेटी.

"खोली हीच का, बाई?" त्यांनी विचारलं.

"हीच. या."

पेटी खाली न ठेवताच त्यांनी दुसऱ्या हातानं फोन काढला. "जरा थांबा. हिला फिजिक्सचं एक पुस्तक घ्यायचं राहिलंय. आमच्या हिमायतनगरला पोरी एक दुकान सांगून राहिल्यात फोनवरचं. लगेच उघडतं म्हणे." त्यांनी अंगठ्यानं दाबलं, आणि खरोखरच, पेटीचा तोल जायच्या आत उघडलं. त्यांनी पुस्तक निवडलं. मग अडखळले. "पत्ता काय लिहू? आम्ही आत्ताच आलोत."

मावशीनं दाराच्या वरचा नंबर वाचून सांगितला. त्यांनी लिहिला, बटण दाबलं. माझा फोन वाजला: नवी मागणी.

मावशीनं काखेतला गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला, बसून गाठ सोडली, वरून तिसरं, फिजिक्सचं पुस्तक काढलं आणि पोरीच्या गादीवर ठेवलं.